आठ माणसांचा खंदक

घराची किल्ली देण्याआधी घरमालकांनी मला माझा नंबर दिला.

“तुम्ही सहा. यजमान सात. पाठ करा, लिहू नका.”

मी तोवर पर्समधून वही काढून पेनाचं टोपण उघडलं होतं. नळाला पाणी किती वाजता येतं, मीटर कुठे आहे, कचऱ्याची गाडी कधी, असे सोळा प्रश्न मी आदल्या दिवशीच लिहून ठेवले होते. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. पुढे रत्नागिरीत एका रुग्णालयाच्या भांडारात नोकरी मिळाली. यजमान लोट्यालाच शिफ्टमध्ये, सुट्टीच्या दिवशी येणार. म्हणजे घर मलाच बघायचं होतं, आणि घर बघताना मी वहीशिवाय पाऊल टाकत नाही.

“सहा म्हणजे काय, काका?”

“या. जागा दाखवतो.”

मला वाटलं, मोरी किंवा स्वयंपाकघर दाखवतील. त्यांनी मला घराला वळसा घालून परसात नेलं. जास्वंदीच्या पलीकडे, फणसाच्या आधी, जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. अकरा. सहाव्या पायरीला जिना काटकोनात वळत होता. “धक्का सरळ येतो. वळत नाही,” ते म्हणाले. खाली जांभ्यात कोरलेली एक लांबट खोली होती. वर आगगाडीचे जुने रूळ आडवे टाकून, त्यांवर चिरे रचून, चिऱ्यांवर माती घातलेली. मातीवर गवत. आत दोन्ही बाजूंना कातळाचेच बाक, आणि बाकावर एकेका माणसाच्या बसण्यापुरती खोलगट जागा. प्रत्येक जागेच्या पाठीशी एक आकडा छिन्नीने खोदलेला. अंधारात दिसायचा नाही, बोटाने चाचपून वाचावा लागायचा. त्यांनी माझा हात सहावर ठेवला. मग किल्ली दिली.

आमच्या या घरमालकांची नोकरी तारखात्यात झाली होती. तारमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण बोलणं तारेचंच राहिलं. शब्द मोजून. मी एकदा त्यांना विचारलं, “काका, बरं वाटत नाही का आज?” तर म्हणाले, “ताप. हलका. चिंता नको.” अख्ख्या घराला ते नंबराने हाक मारत. माडीवर एक शाळामास्तर आणि त्यांची बायको भाड्याने राहत. ते चार, ती पाच. काकांची लेक पुण्यात बँकेत होती, ती तीन. पूर्वी तीन नंबर काकांच्या बायकोचा होता, ती गेल्यावर लेकीकडे आला. एक आणि दोन म्हणजे त्यांचे वडील आणि आई. दोघं जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या जागा कुणाला मिळत नसत.

आणि काका स्वतः आठ.

आठ ही खंदकातली सगळ्यात लहान जागा. दीड वितीची. दुसऱ्या महायुद्धात वडिलांनी हा खंदक खोदवून घेतला तेव्हा सहा भावंडांत काका सगळ्यात धाकटे, पाच वर्षांचे होते. बाकीची भावंडं मुंबईला गेली, एकेक करून कायमची गेली. पण काका त्या आठ नंबरावर, गुडघे हनुवटीला लावून, पाऊणशेच्या वर वय झालं तरी बसत. “तीनवर बसा ना, काका, ताई पुण्यालाच आहेत,” असं मी म्हणाले होते. उत्तर आलं, “तीन तिचा.”

वडिलांची गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, शेजारपाजाऱ्यांकडून कळली. ते मुंबईत एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. युद्धाच्या धास्तीने कोकणातली माणसं मुंबई सोडून गावी परतू लागली, तसे हेही आले. इतरांनी गावी येऊन निश्वास टाकला. ह्यांनी पहार आणली. चार महिने चिरेखाणीवरची माणसं लावून परसात खंदक पाडला. अख्खी आळी बघायला यायची. “रत्नागिरीवर बॉम्ब कोण टाकणार हो? आंब्यासाठी?” एकदा समुद्राच्या बाजूला काहीतरी घरघरल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांनी आठही जणांना चार तास खाली बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी आकाशात फक्त एक घार होती असं आळीतल्या लोकांचं म्हणणं. विमान कधी आलंच नाही. घराला मात्र नाव पडलं, खंदकवाले. मी राहायला गेले तेव्हाही खालच्या अंगाचे शेजारी मधल्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाले होते, “खंदकवाल्यांकडे का? मग आता तुम्हाला युद्धाचं भय नाही.”

काका ह्यावर कधी रागावत नसत. पण ऐकलं की कानाची पाळी लाल व्हायची.

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला की, एका दुपारी काका अचानक पितळी ताट आणि पळी घेऊन ओटीवर उभे राहत. दिवस ते आधी सांगत नसत. ताट बडवायला लागले की हातातलं टाकून सगळ्यांनी खंदकात जायचं. नियम एकच होता. आधी माणसं, मग सामान. म्हणजे फोन नाही, पर्स नाही, चष्म्याचं घर नाही. पहिल्या वर्षी मी ओढणीखाली वही लपवून उतरले. अंधारात त्यांना दिसलं कसं कोण जाणे.

“सहा. सामान वर.”

“काका, वही आहे नुसती.”

“कागद भिजतो.”

मी वर जाऊन वही ठेवून आले. हे ‘कागद भिजतो’ त्यांचं माझ्या प्रत्येक यादीवरचं मत होतं. तारखात्यात असताना पावसात लोकांच्या तारा भिजून लगदा झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पाठ केलेल्यावर होता.

खाली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाला एकेक पेला थंडगार पन्हं मिळायचं. ते करून ठेवलेलं दिसलं की मास्तरांची बायको मला खुणेने सांगायची, आज ताट वाजणार. मग “धोका टळला,” असं काका म्हणत आणि सगळे उठत. पण मोकळ्या हाताने वर यायचं नाही. पायऱ्यांशी घमेली ठेवलेली असत. आत पावसाळ्यात वाहून आलेली माती, पाला, शेवाळ्याचा थर वाळून तळाशी बसलेला असे. प्रत्येकाने तो खरवडायचा, घमेलं भरायचं, वर नेऊन माडाच्या मुळाशी ओतायचं. तळाचा लालभडक कातळ दिसेपर्यंत खेपा.

“हे कशासाठी, काका?” मी दर वर्षी विचारायची.

“बाबांनी सांगितलंय.”

“पण का सांगितलंय?”

“ते सांगितलं नाही.”

जागा आठच, म्हणून घरात माणसंही आठच, हा त्यांचा हिशेब. माझ्या आधी एक सज्जन कुटुंब घर बघून गेलं होतं. तिघंजण होते. नऊ होतात म्हणून परत पाठवलं. पुढे मास्तरांच्या बायकोला दिवस गेले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, काकांचा चेहरा मात्र उतरला. महिनाभर ते परसात येरझारा घालत. मी व्यवहाराचं बोलले, “एक आणि दोन रिकाम्याच आहेत की.”

“रिकाम्या नाहीत.”

मग एके दुपारी खंदकातून टकटक ऐकू यायला लागली. मी वाकून पाहिलं तर काका डोक्याला पंचा बांधून छिन्नी-हातोड्याने कातळ कोरत होते. आठवडाभर चाललं ते. आठच्या शेजारी एक वितीएवढी नववी जागा तयार झाली. बारशाच्या दिवशी सगळ्यांनी बाळीला झबली-टोपडी दिली. काकांनी तिला तिच्या बापाच्या कडेवरून खंदकात नेऊन जागा दाखवली. मास्तर मला म्हणाले, “वहिनी, आमच्या लेकीच्या नावावर रत्नागिरीत जागा झाली, बघा.”

मी तिथे राहायला गेल्याच्या सातव्या वर्षी, श्रावणात, काका खंदकाच्या पायरीवरून घसरले. पावसाळ्यात खंदक भरायचा. घराच्या मागच्या उतारावरचं सगळं पाणी त्या पायऱ्यांवरून आत जायचं, चौथ्या पायरीपर्यंत चढायचं, दिवाळीपर्यंत आटायचं. ते पाणी बघायला ते रोज जात. शेवाळ्यावरून पाय गेला, घोटा मोडला.

दुसऱ्या दिवशी लेक पुण्याहून आली. आमच्या दोघींचं पहिल्यापासून जमायचं, कारण तीही यादी करणारी. डॉक्टर, औषधं, कमोड, काठी, सगळं तिने सकाळच्या एका बैठकीत उरकलं. शेवटी कागदावर एकच ओळ राहिली.

“अप्पा, दिवाळीनंतर हा खड्डा बुजवायचा.”

काका पलंगावर पडून होते.

“रूळ सडलेत. मागच्या खेपेला मी हात लावला तर पापुद्रा हातात आला. एक दिवस ते तुमच्या डोक्यावर येतील. आणि डास किती! जेसीबी सांगते मी, एका दिवसाचं काम.”

“बुजव,” काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं. ती गेली त्या संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, तर ते तसेच भिंतीकडे तोंड करून.

“सहा.”

“काय काका?”

“तुमच्या यादीत त्याला काम द्या काहीतरी.”

“कोणाला?”

“खंदकाला. पाऊणशे वर्षं बेकार बसलाय. बाबांना लोक हसले ते त्याच्यामुळे.” एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, “कामाला लागला, तर कोण बुजवील?”

मी रात्री लेकीला फोन केला. ती म्हणाली, “ताई, घराच्या उपयोगाची वस्तू झाली तर माझं काही म्हणणं नाही. पण छप्पर उतरवायचंच. आणि पुढच्या मेपर्यंत. नाही जमलं तर जेसीबी.”

मुदत मिळाली की मला हुरूप येतो. नव्या पानावर मी ‘खंदक: संभाव्य कामं’ असं लिहिलं. लाकूडफाटा ठेवणं. आंब्याची आढी घालणं. कोकमाची पिंपं. मास्तरांनी मुलांसाठी वाचनालय सुचवलं. एकेक नाव मी खोडत गेले, कारण प्रत्येकाच्या आड एकच गोष्ट येत होती. वर्षातले चार-पाच महिने तिथे पाणी असतं. मग मला वाटलं, पाणी अडचण कशाला? पाणीच साठवू. पावसाळ्यात कोसळतं आणि मेमध्ये सगळी रत्नागिरी हंडे घेऊन फिरते. छप्पर उतरवायचं, तळाला आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा, कौलांवरचं पाणी पन्हळीने आत आणायचं. परसात बारा महिन्यांची टाकी! काकांना सांगितलं.

“बाक?”

“गिलाव्याखाली जातील, काका. पाणी गळता कामा नये ना.”

“आकडे?”

मी वही मिटली. मग तेच म्हणाले, “लावा.”

दिवाळीनंतर रूळ उतरवले. खरोखरच सडले होते, दोन तर उचलतानाच मोडले. वरचे चिरे मात्र जसेच्या तसे. ते काकांनी एकही न फोडता गडग्याशी रचून घेतले. गवंडी मावळतीकडच्या एका वाडीतला होता, मितभाषी माणूस. पहिलं घमेलं कालवताना तो म्हणाला, “ताई, येक सांगू?”

“सांगा ना.”

“ह्यो कातळ पानी पितो. तुमी त्येचा घसा बंद करताय.”

“टाकी गळू नये म्हणून तर करतोय.”

“व्हय. टाकी न्हाय गळायची. त्ये बराबर हाय.” त्याने मान हलवली आणि थापी भिजवली.

काका खुर्ची टाकून काठावर बसून होते. एकपासून आकडे लिंपले जात गेले. आठ नऊच्याही नंतर, शेवटी लिंपला, कारण तो कोपऱ्यात होता. मी वहीत ‘गिलावा: पूर्ण’ लिहून बरोबरची खूण केली. त्या मेमध्ये ताट वाजलं नाही. जायचं कुठे?

जूनमध्ये पंधरवड्यात टाकी काठोकाठ भरली. मी फोटो काढून लेकीला पाठवले. लेकीने दोन अंगठे पाठवले. खालचे शेजारीसुद्धा गडग्यावरून डोकावून “वा, झाली की पोहायची सोय!” म्हणाले. काकांच्या कानाची पाळी लाल झाली, पण ते हसले.

कार्तिकापर्यंत पाणी हिरवं झालं. मी गप्पी मासे सोडले, ते एका खंड्याने आठवड्यात संपवले. माघात आरोग्य खात्याची एक बाई पाहणीला आली. तिने ओगराळ्याने पाणी काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाली, “वहिनी, ही टाकी नाही, डासांची बालवाडी आहे. पट भरलाय अगदी. उपसा आजच.” त्याच दिवशी आम्ही ते सगळं पाणी उपसून केळींना घातलं. केळीही म्हणाल्या असतील, एवढं नको. टाकी रिकामी झाली. मला वाईट वाटलं, पण पुढच्या वर्षी झाकण करू, असं मी लिहून ठेवलं.

आणि चैत्रात विहिरीचा तळ लागला.

विहीर घराची, खंदकापासून वीस पावलं खाली. काका रोज सकाळी स्वतः राहाटाने पाणी काढत. त्या सकाळी कळशी खाली गेली आणि ‘ठण्ण’ असा आवाज आला. मी खिडकीत होते. काकांनी दोर ओढला. कळशीत चिखल होता. त्यांनी तो पाहिला, कळशी पालथी केली, दोर गुंडाळला.

“तळ,” ते म्हणाले. बस.

दुपारी लेकीचा फोन आला. मास्तरांनी तिला कळवलं होतं. “ताई, आता पुरे. तिकडे टाकीही बाद झाली, विहीरही गेली. मी जेसीबीवाल्याला पुढच्या आठवड्याचं सांगते. तुम्ही टँकरचं बघाल का तेवढं?”

टँकर मागवायचा म्हणजे नंबर हवा. मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचा नंबर असतो. गॅसवाला, इलेक्ट्रिशियन, नारळ पाडणारा. टँकरवाल्याचा नव्हता. एकाही वहीत नव्हता. असं कसं, म्हणून मी मार्च ते जूनची पानं वर्षावर्षाने उलटायला लागले. ‘विहीर: दोराला हातभर जोड.’ ‘विहीर: पाणी खाली, पण पुरतंय.’ ‘विहीर: पाऊस लागला, जोड काढला.’ दरवर्षी हेच. आळीतल्या घरांना टँकर आलेले मी नोंदवले होते, कारण ते आमच्या दारासमोर उभे राहून वाट अडवायचे. आमच्या घरी एकदाही नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा तळ लागला होता, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही खंदकाचा तळ लिंपला होता.

मला गवंड्याने सांगितलेला कातळाचा घसा आठवला.

चौथ्या पायरीपर्यंत भरणारं ते पाणी दिवाळीपर्यंत आटायचं. आटायचं म्हणजे जायचं कुठे? कातळातून झिरपून विहिरीतच. आणि दरवर्षी मेमध्ये आम्ही सगळी माणसं लाल कातळ दिसेपर्यंत गाळ खरवडायचो, तो कातळ पुन्हा पाणी पिऊ शकावा म्हणून. काकांच्या वडिलांना हे ठाऊक होतं की खंदक स्वच्छ ठेवायची नुसती शिस्त होती, ते कळायला मार्ग नाही. एका वर्षाच्या नोंदीवरून मी कारखान्यात स्क्रूसुद्धा मागवला नसता. त्या साली पाऊसही जरा लवकर थांबला होता. पण वह्या पदरात घेऊन मी तशीच ओटीवर गेले.

काका पायरीवर बसले होते.

“काका, ऐका.” मी वाचायला लागले. वर्ष, महिना, विहीर, टँकर नाही. वर्ष, महिना, विहीर, टँकर नाही. शेवटच्या वर्षाशी आले आणि थांबले.

“परत,” ते म्हणाले.

मी परत वाचलं. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते.

“परत.”

तिसऱ्यांदा वाचलं. माडीवरून मास्तर आणि त्यांची बायको उतरून जिन्यात उभी राहिली होती. वाचून संपल्यावर काकांनी डोळे उघडले. मग विचारलं, “म्हणजे कामावर होता?”

“असं दिसतंय, काका.”

“तेव्हापासून?”

“माझ्याकडे आठच वर्षांचं आहे. आधीचं तुम्ही सांगा. तुमच्या लहानपणी विहीर कधी आटली?”

त्यांनी आठवलं. ओठ हलत होते. एकेक वर्ष पाठ असल्यासारखं मोजत असावेत. “नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही.” मग माझ्या मांडीवरच्या वह्यांकडे बोट दाखवलं.

“हे एका कागदावर लिहा. शाईने.”

“बरं.”

“आणि प्लॅस्टिकची पिशवी आणा. कागद भिजतो.”

लेकीला पटवायला मला तासभर लागला. बँकेत काम केलेली ती, तिने मला उलटसुलट विचारलं. खालच्या शेजाऱ्यांची विहीर कशी आहे? तीही ह्याच वर्षी, दरवर्षीपेक्षा पंधरा दिवस आधी आटली, हे मी दुपारीच गडग्यावरून विचारून घेतलं होतं. ते शेजारी त्या दिवशी युद्धाबद्दल काही बोलले नाहीत. शेवटी ती म्हणाली, “एक पावसाळा. फक्त एक. वहीत लिहून घ्या माझ्या नावाने. आणि अप्पा तिथे उतरणार असतील तर कठडा लावायचा.”

गिलावा फोडायला सगळे आले. मास्तरांनी बाह्या सरसावून घण घेतला आणि पहिल्या घावातच स्वतःच्या पायावर घालता घालता वाचले. गवंडी न बोलावता रविवारी आला. मी ओशाळून म्हणाले, “तुम्ही सांगितलं होतंत.”

“मी सांगलं, पन तुमी लिवून घ्येतलं न्हाय,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. काकाही.

काकांनी हातोडा मागितला. मोडून सांधलेला घोटा लांब करून ते कोपऱ्यात बसले आणि स्वतः आठपाशी ठोकू लागले. पापुद्र्यासारखा गिलावा सुटला. आतून लाल जांभा आला, आणि जांभ्यावर ८. छिन्नीच्या खाचेत सिमेंट तसंच भरून राहिलं होतं. एरवी बोटाने चाचपावा लागणारा आकडा उन्हात पांढुरका, स्वच्छ दिसत होता. मग एकेक करत सगळे निघाले. माझ्या चुकीने एवढं एक बरं केलं. आता कुणालाही लांबून वाचता येतं.

उतरवलेल्या चिऱ्यांनी गवंड्याने काठाला गडगा घातला. पन्हळ होती तशी ठेवली. त्या पावसाळ्यात मी रोज पाणी मोजत होते. भरायचं, आणि चार दिवस उघडीप मिळाली की खाली जायचं. पुढच्या चैत्रात दोराला हातभर जोड लागला. वैशाखात आणखी हातभर. ज्येष्ठ उजाडला तरी कळशी भरून वर येत होती.

जेसीबीवाल्याला ‘नको’ म्हणून लेकीने स्वतः फोन केला.

त्या मेमध्ये ती पुण्याहून आली होती. दुपारी पन्हं झालेलं दिसलं आणि आम्ही सगळ्यांनी आपापले फोन गुपचूप आत ठेवले. ताट वाजलं. आम्ही उतरलो. छप्पर नसल्याने ऊन थेट आत येत होतं, फणसाची सावली तेवढी एका बाकावर. तीन, चार, पाच, सहा, सात, जो तो आपापल्या आकड्यापाशी बसला. मास्तरांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिने आपली वितीची जागा बघितली, शेजारची जरा मोठी बघितली आणि सरळ आठवर जाऊन बसली.

काका कठडा धरून सगळ्यांच्या मागून आले. शेवटच्या पायरीवर उभे राहून त्यांनी आठकडे पाहिलं. मग समोरच्या रुंद जागेकडे गेले, पंच्याने ती झटकली आणि एकवर बसले. पाय लांब सोडून. कुणी काही बोललं नाही, तसाही नियम तोच होता. लेक मात्र पन्ह्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ तशीच राहिली.

“धोका टळला,” काका म्हणाले. “घमेली उचला.”

त्यानंतर ते चार वर्षं होते. चारही वर्षं एकवरच बसले. आम्ही नंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा ब्लॉक घेतला. लेक निवृत्त होऊन त्या घरी राहायला आली. ताट आता ती वाजवते आणि दिवस आधी सांगत नाही, पण मास्तरांची बायको मला पन्ह्याची बातमी फोनवर देते. मग मी रजा टाकते आणि रिक्षा करते. खालच्या शेजाऱ्यांकडून दोन माणसं घमेली वाहायला येतात. त्यांना अजून नंबर नाहीत. कातळ कोरायचं घाटतंय.

यंदा मी पोचले तेव्हा सगळे बसलेही होते. गाळ काढून झाल्यावर मी विहिरीपाशी गेले. राहाटाच्या खांबाला खिळ्यावर ती प्लॅस्टिकची पिशवी असते, आत माझा कागद. आता त्याला मागे आणखी दोन कागद जोडलेत. माझ्या शाईच्या ओळी संपतात तिथून लेकीचं बारीक, बँकेतलं अक्षर सुरू होतं. शेवटची ओळ ताजी होती. पाणी पुरतंय. टँकर नाही. गाळ सव्वीस घमेली. आणि त्यापुढे: ‘सहा उशिरा आली.’

खरं होतं. मी पेन काढलं, त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, कागदाची घडी घातली आणि पिशवीचं तोंड दोनदा दुमडून खिळ्याला अडकवलं.